आपला हात जगन्नाथ : घरगुती स्वावलंबन आणि आरोग्य

‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण आपण सर्वांनी शाळेत असताना वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केली आहे. पुढे मोठेपणी ती बहुधा पंगतीत स्वतःच्या हाताने वाढून घेणाऱ्याची थट्टा करण्यापुरतीच उरली. तिच्यातील मूळ अर्थ मात्र गंभीर आहे. ज्याचा हात चालतो त्याला दुसऱ्याच्या दाराशी ताटकळावे लागत नाही. वैद्यकीय व्यवसायात इतकी वर्षे काढल्यानंतर या अर्थाला मी आणखी एक जोड देईन : ज्या घरातील हात चालते आहेत, त्या घरातील कितीतरी माणसे आपल्या दवाखान्याची पायरी चढण्यापासून वाचतात.

मी मोहगावचा. सौंसर तालुका २०२३ साली छिंदवाड्यातून निघून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला, तरी आमचे जगणे होते तसेच आहे. सरकारी कागद हिंदीत, घरातले बोलणे मराठीत, शेतात संत्रा आणि कापूस, आणि मोठ्या दुखण्यासाठी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, पण रीतिरिवाज, सणवार आणि घर चालवण्याची पद्धत वऱ्हाड-नागपूरचीच राहिली. त्या घर चालवण्याच्या पद्धतीविषयी, आणि तिच्यातून काय गेले व काय यायचे राहिले याविषयी, आपल्या मंडळाच्या स्मरणिकेतून चार शब्द लिहावेत असे फार दिवसांपासून मनात होते.

जुन्या घराचे हात

माझ्या बालपणी मोहगावातील साधारण घर म्हणजे एक लहानसा कारखानाच असे. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरण्याचे काम घरचीच माणसे करीत. फुटलेले कवेलू बाजूला काढायचे, वळचणीचा कचरा झाडायचा, कोणत्या फटीतून उजेड दिसतो ते आतून एकाने सांगायचे आणि वरून दुसऱ्याने ती बुजवायची. अंबाडी पाण्यात कुजवून तिचा वाख काढायचा, त्याची चऱ्हाटे वळायची, त्याच दोरीने बाज विणायची. तुराट्या आणि पऱ्हाट्यांचा कूड बांधून त्यावर शेणामातीचा लेप द्यायचा. उन्हाळ्यात कुरड्या, पापड, सरगुंडे. हिवाळ्याआधी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या. यांपैकी एकाही कामासाठी कोणी वर्गात बसले नव्हते. मूल आजीच्या मांडीजवळ किंवा आजोबांच्या पायांशी बसे आणि पाहता पाहता त्याचा हात वळे.

परंतु या चित्राला सोनेरी चौकट लावण्याचा माझा विचार नाही. त्या स्वावलंबनाचा बहुतेक भार घरातील स्त्रियांच्या कमरेवर होता, हे आपण डॉक्टरांनी तरी विसरू नये. चुलीच्या धुराने खोकणाऱ्या आणि जात्याच्या खुंट्याने हाताला घट्टे पडलेल्या त्या बायकांना कोणी स्वावलंबी म्हटले नाही. दुसरे असे की, गावातील खरे कारागिरीचे ज्ञान जातीच्या कुंपणात बंदिस्त होते. सुतारकी सुताराकडे, लोहारकी लोहाराकडे, कातडे चांभाराकडे. आणि ज्याच्या हाताला कोणतेच काम नाही त्याला गावात मान जास्त. हाताने काम करणे हे कमीपणाचे लक्षण मानणाऱ्या समाजात हाताचे ज्ञान टिकत नाही. ते ज्याच्याकडे असते तोही आपल्या मुलाला त्यापासून दूर पाठवू लागतो. आमच्याकडे तेच घडले, आणि त्या मुलांना किंवा त्यांच्या बापांना मी दोष देत नाही.

त्यानंतरच्या काळात घरात यंत्रे आली. वीज आली, गॅस आला, विहिरीवर मोटार बसली. कूलर, फ्रिज, मिक्सर, इन्व्हर्टर आले. ही सारी स्वागतार्ह साधने आहेत. माझ्या आईची कंबर ज्या दिवशी जात्यापासून सुटली त्या दिवसाबद्दल मी विज्ञानाचा ऋणी आहे. खंत एवढीच की, यंत्रे घरात आली पण त्यांच्यासोबत यायला हवे होते ते ज्ञान आले नाही. कवेलू कोठून गळतो हे ज्या घराला कळत होते, त्याच घराला आपल्या भिंतीतील तार कोठून जाते हे ठाऊक नाही. या अज्ञानाची किंमत पैशांत मोजली जाते तेव्हा आपण तिला गैरसोय म्हणतो. कधीकधी ती प्राणांत मोजली जाते.

मे महिना आणि हिरवी तार

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातील एका दुपारी चौतीस वर्षांच्या एका स्त्रीला माझ्याकडे आणण्यात आले. कूलरच्या टाकीत बादलीने पाणी ओतताना ती कोसळली होती. ओले हात, ओली जमीन, अनवाणी पाय आणि कूलरचा पत्रा. घरच्यांनी तिला बैलगाडीच्या वाटेवरून मोटारसायकलवर मध्ये धरून आणले होते. आणले तेव्हा नाडी नव्हती. मी आणि माझ्या सहकाऱ्याने बराच वेळ छाती दाबली, पण तोपर्यंत फार उशीर झाला होता.

दोन दिवसांनी मी त्या घरी गेलो. कूलरची वायर तीन तारांची होती. टोकाला मात्र दोन पिनांचा प्लग लावलेला होता, आणि हिरवी तार कापून मागे दुमडून चिकटपट्टीखाली ठेवलेली होती. ती कोणी आणि केव्हा कापली, हे घरात कोणालाच सांगता आले नाही. पंपाच्या मोटारीतील वेष्टण कुजून प्रवाह पत्र्यावर उतरला होता. ज्या तारेने तो जमिनीत जायचा, ती तार तेथेच होती, फक्त जोडलेली नव्हती.

आपण सारे वैद्यकाचे विद्यार्थी, म्हणून यातील गणित थोडक्यात मांडतो. कोरड्या त्वचेचा विद्युत-रोध हजारो ओहमचा असतो. त्वचा ओली झाली की शरीराचा रोध सुमारे एक हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. घरातील दाब २३० व्होल्ट. म्हणजे शरीरातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाऊ शकतो. दहा-पंधरा मिलिअँपिअरलाच बोटांचे स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. तीस-चाळीसच्या पुढे, काही क्षण टिकल्यास, हृदयाच्या जवनिकांचे कंपन सुरू होण्याचा धोका वाढत जातो. आता घरातील फ्यूजकडे पाहू. सहा अँपिअरचा एमसीबी म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर. २३० मिलिअँपिअर म्हणजे त्याच्या छब्बीसाव्या भागाएवढा प्रवाह. त्या एमसीबीला त्याची जाणीवही होत नाही. माणूस मरतो आणि फ्यूज शाबूत राहतो. याचे कारण असे की फ्यूज आणि एमसीबी हे तारेला जळण्यापासून वाचवण्यासाठी असतात. माणसाला वाचवणारे साधन निराळे : आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की ते सेकंदाच्या काही अंशात वीज तोडते.

आमच्या भागाची आणखी एक अडचण आहे. अर्थिंगचा खड्डा कोळसा आणि मीठ घालून भरलेला असला, तरी त्याचे काम ओलाव्यावर चालते. आमची काळी माती मे महिन्यात वाळून भेगाळते, म्हणजे अर्थिंग सर्वांत दुबळे असते ते नेमके कूलरच्या हंगामात. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात दर चार-आठ दिवसांनी बादलीभर पाणी ओतावे, हे इतके साधे काम आहे की तुळशीला पाणी घालणारे घर तेही सहज करू शकते. फक्त तो खड्डा कोठे आहे, हे माहीत असले पाहिजे.

त्या घरात पुढल्या उन्हाळ्यात कूलर पुन्हा लागला. आमच्याकडे मे महिन्यात त्यावाचून राहणे शक्य नसते. फरक एवढाच की वायरीला तीन पिनांचा प्लग होता, मीटरजवळ आरसीसीबी बसला होता, आणि पाणी भरण्यापूर्वी प्लग काढून हातात घ्यायचा असा त्या घराचा नियम झाला होता.

शेजारचा वारसा

हाताचे शिक्षण हा विचार आपल्याला कोठून दूरवरून आणावा लागत नाही. तो नागपूरच्या पलीकडे, वर्ध्याला आहे. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि परदेशात अर्थशास्त्र शिकून आलेले जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत येऊन राहिले. सुधारलेली तेलघाणी, हातकागद, धूर बाहेर नेणारी चूल यांवर तेथे प्रयोग झाले. १९३८ च्या अखेरीस तेथेच मगन संग्रहालय उघडले. त्याआधी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी असे मांडले की मुलाचे शिक्षण एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाभोवती गुंफलेले असावे. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने त्याचा आराखडा केला. हीच नई तालीम. तिच्या यशापयशाची चर्चा पुष्कळ झाली आहे. माझ्या दृष्टीने तिचे महत्त्व असे की, हाताचे काम तिने जातीच्या कुंपणातून काढून सर्वांच्या पाठ्यक्रमात आणून ठेवले.

आपल्या व्यवसायालाही तो वारसा लाभला आहे. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले, आणि तेथे प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने पहिले काही दिवस आश्रमात राहून सफाई, श्रमदान व सूतकताई करावी अशी प्रथा घातली. शवविच्छेदनाची सुरी हाती येण्यापूर्वी झाडू हाती यावा, यामागील विचार मला आजही पटतो.

आणि आनंदवन. बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती १९४९ साली स्थापन केली व १९५१ साली विनोबांच्या हस्ते वरोऱ्याजवळच्या त्या माळरानावर आनंदवनाची सुरुवात झाली. ज्यांच्या बोटांना संवेदना नव्हती, ज्यांची बोटेच झडली होती, त्या माणसांनी तेथे विहिरी खणल्या, शेती उभी केली, माग चालवले, सुतारकाम केले. संवेदना नसलेल्या हाताने हत्यार धरणे म्हणजे काय, हे आपण जाणतो : वेदना नाही म्हणून जखम कळत नाही, आणि कळत नाही म्हणून ती वाढते. त्यासाठी हत्यारांच्या मुठी जाड व मऊ कराव्या लागतात, आणि रोज संध्याकाळी हात उजेडात धरून फोड आला आहे का ते डोळ्यांनी पाहावे लागते. वेलोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, तेव्हा त्यांनाही असेच आढळले की हात सरळ करून भागत नाही, त्या हाताला काम शिकवावे लागते. ज्या माणसांना समाजाने परावलंबी ठरवले होते त्यांनी हे करून दाखवले. धडधाकट बोटांच्या आपल्या घरात एक प्लग बांधता येऊ नये, याला काय म्हणावे?

अलीकडचे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम सुरू केला. माध्यमिक शाळेतील मुलामुलींनी आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष काम करावे, अशी त्यांची योजना. वेल्डिंग व बांधकाम, वीज व पाणी, शेती व पशुपालन, आणि चौथा विभाग घर व आरोग्य. या चौथ्या विभागात मुले रक्तगट तपासणे, हिमोग्लोबिन मोजणे शिकतात. वायर जोडणारा हात आणि रक्ताचा थेंब तपासणारा हात एकाच शिक्षणाचे दोन भाग मानणे, ही मला त्या योजनेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मोहगावातील रविवार

त्या मे महिन्यानंतरच्या फाल्गुनात मी गावातील एका शाळेची खोली रविवारसाठी मागून घेतली. घरातील वीज, गॅस, पाणी आणि प्रथमोपचार यांचा आठ रविवारांचा वर्ग घ्यायचा, असे ठरवले. प्रथमोपचार मी शिकवणार होतो. विजेसाठी आमच्या गावच्या अनुभवी वायरमनकडे गेलो. तो खूश होईल असे मला वाटले होते. त्याने मात्र हातातली पक्कड खाली ठेवली आणि म्हणाला, “डॉक्टरसाब, अर्धवट शिकवान त माणसं मरतीन. पहिले दोन रविवार फक्त बंद कराले शिकवा.”

त्याच्या धंद्यावर गदा येईल म्हणून तो असे बोलतो, असे काहींनी मला सुचवले. मला तसे वाटले नाही. कोणतीही शस्त्रक्रिया शिकवण्याआधी आपल्याला रक्तस्राव थांबवायला शिकवतात. तो तेच सांगत होता. त्याची अट मान्य केली. पहिले दोन रविवार आम्ही घराचा मुख्य स्विच शोधणे, तो अंधारात हाताने चाचपून बंद करणे, गॅसचा रेग्युलेटर बंद करणे, पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह फिरवणे एवढेच केले. मोठमोठ्या माणसांना आपल्या घराचा पाण्याचा व्हॉल्व्ह कोठे आहे ते माहीत नव्हते.

पहिल्या रविवारी सारी मुलेच आली. मुलींना पाना-पक्कड कशाला, असा प्रश्न दोन-तीन घरांतून आला. वायरमननेच त्याचे उत्तर दिले : दिवसभर घरात कोण असते, कूलर कोण भरते, गॅस कोण पेटवते? दुसऱ्या वर्षीपासून मुली आल्या, मग सुना आल्या, आणि एक सत्तरीच्या आजी आल्या. त्या म्हणाल्या, मुलगा पुण्याला आणि नातू बंगलोरला, मग माझ्या घरचा बल्ब कोणी बदलायचा?

त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. माझ्याकडे खुब्याचे हाड मोडून आलेल्या एका वृद्धेच्या घरी न्हाणीच्या वाटेवरचा दिवा अकरा दिवसांपासून बंद होता. रोज कोणाला तरी सांगायचे ठरत होते. ती पडली त्या रात्री घरात नवा बल्ब खोक्यात ठेवलेला होता. आमच्या गावांतील तरुण हात शहरांत गेले आहेत. मागे राहिलेल्यांच्या हातांना पुन्हा कामाला लावल्याशिवाय ही घरे सुरक्षित होणार नाहीत.

वर्गातील मुलांनी आपापल्या आळीतील कूलर तपासून पाहिले, तेव्हा बऱ्याच घरांत तीन पिनांचे सॉकेट होते, पण त्यामागे अर्थची तार जोडलेलीच नव्हती. तिसरी पिन नुसती नावाला. ती जोडण्याचे काम मुलांनी केले नाही. त्यांनी घरच्यांना सांगितले आणि घरच्यांनी वायरमनला बोलावले. त्याचा धंदा बुडाला नाही. पूर्वी लोक त्याला दिवा गेल्यावर बोलवत, आता अर्थिंगसाठी बोलावू लागले.

प्रत्येक घराला यावे असे

या वर्गांतून आम्ही जे निवडले त्यातील काही येथे देतो. सभासदांनी ते आपापल्या रुग्णांपर्यंत पोहोचवावे.

वीज : तीन पिनांच्या प्लगमधील मोठी पिन अर्थची असते. ती लांब ठेवलेली असते, कारण प्लग लावताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. जुन्या वायरीत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. नव्या वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे फेज आहे एवढेच कळते. अर्थिंग चांगले आहे की नाही ते त्याने कळत नाही. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे. वीज गेली पाहिजे. कोणाला धक्का बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नये, आधी मुख्य स्विच बंद करावा. मग श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल दाब देत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा.

गॅस : स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो जमिनीलगत साचतो. वास आला की दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर बंद करावा, कोणतेही बटण दाबू नये; चालू असलेला दिवासुद्धा बंद करू नये, कारण ठिणगी बटणात पडते. गळतीची मदत मागण्यासाठी १९०६ हा क्रमांक आहे; फोन घराबाहेर जाऊन करावा. जोडापाशी गळती आहे का, ते काडी पेटवून पाहणाऱ्यांची भाजलेली तोंडे मी पाहिली आहेत. साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले तर गळती आहे.

पाणी : गळणाऱ्या नळाला बहुधा फक्त नवा वॉशर हवा असतो. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून, पान्याने नळाचे डोके उघडून, जुना वॉशर काढून त्याच मापाचा नवा बसवणे हे दहा मिनिटांचे काम आहे. वर्गातील आजी ते तिसऱ्या रविवारी शिकल्या.

न्हाणीघर : भिंतीला छिद्र पाडून, त्यात गट्टू ठोकून, स्क्रूने लोखंडी दांडा पक्का बसवता आला, तर घरातील वृद्धांसाठी तो कोणत्याही टॉनिकपेक्षा उपयोगी. आपला सगळा भार टाकून तो आधी स्वतः ओढून पाहावा.

फवारणीचा पंप : २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसपेक्षा अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आमच्याकडेही कापूस आहे, संत्र्याच्या बागा आहेत. पाठीवरचा पंप गळत असेल तर औषध सदरा भिजवून कातडीतून शरीरात जाते. त्याचा वॉशर बदलणे ही दुरुस्ती आहे तसाच तो प्रतिबंधक उपचारही आहे. तुंबलेली तोटी तोंडाने कधीही फुंकू नये. पाण्याने धुऊन गवताच्या काडीने मोकळी करावी.

हगवण : १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी नातेवाइकांच्या हाती देऊन पटकीचे असंख्य रोगी वाचवले. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते, आणि प्रशिक्षित हातही अपुरे होते. तेव्हा आईच्या हाताने काम केले. ओआरएसची पुडी नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने घालू नये. हे पाणी प्रत्येक मुलाने वर्गात स्वतः मोजून करावे, अशी आमची रीत आहे. ऐकलेले प्रमाण विसरते, हाताने मोजलेले सहसा विसरत नाही.

कोठे थांबावे

स्वावलंबनाला मर्यादा आहे, आणि ती शिकवणे हा त्या शिक्षणाचाच भाग आहे. मीटरच्या अलीकडची, खांबाकडची तार आपली नाही. मायक्रोवेव्ह आणि इन्व्हर्टर यांच्या पोटात वीज बंद केल्यावरही प्रवाह साठून राहू शकतो. ते उघडू नयेत. विहिरीतील मोटार काढण्यासाठी एकट्याने खाली उतरू नये. बंद विहिरीत प्राणवायू कमी असू शकतो, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो.

हीच गोष्ट शरीराची. साप चावलेल्या जागी चिरा देणे, घट्ट दोरी आवळणे, रॉकेल प्यालेल्या मुलाला ओकारी काढणे, भाजलेल्यावर टूथपेस्ट लावणे, हे सारे ‘घरगुती ज्ञान’ म्हणूनच चालत आले आहे. हाताची हौस आणि हाताचे ज्ञान यांत येथे फरक पडतो. ज्ञानी हाताला आपण कोठे थांबायचे ते कळते. भाजले तर वीस मिनिटे वाहते गार पाणी, सर्पदंशात चावलेला अवयव स्थिर ठेवून लवकरात लवकर रुग्णालय. एवढे केले तरी घराने आपला भाग पूर्ण केला. उरलेला आपला.

आपल्या हातांविषयी

शेवटी आपल्याच व्यवसायाकडे वळतो. २०१८ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजचे शल्यशिक्षणाचे प्राध्यापक रॉजर नीबोन यांनी जाहीरपणे चिंता व्यक्त केली होती की, शल्यचिकित्सेकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचे हात पूर्वीसारखे तयार नसतात; परीक्षेत ते हुशार असतात, पण कापणे, शिवणे, जोडणे यांची लहानपणापासूनची सवय त्यांच्यापाशी नसते. बातमी वाचली तेव्हा मला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा आमचा तान्हा पोळा आठवला. त्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार असते आणि इकडे लहान मुले लाकडी बैल सजवून दारोदार नेतात. पूर्वी काही मुले आपला बैल स्वतः कोरत. चाके सुताराकडून आणली तरी शिंगे, झूल, वेसण स्वतः करीत. आता बैल बाजारातून येतो, झुलीसकट. आपली मुले डॉक्टर व्हावीत असे आपणा सर्वांना वाटते. त्यांना बारावीच्या शिकवणीला पाठवताना एक पटाशी, एक सुई आणि एक पाना त्यांच्या हाती द्यायला आपण विसरलो आहोत.

मंडळाच्या सभासदांना माझी विनंती मोठी नाही. आपल्या दवाखान्यात बाह्यरुग्ण विभागात वर्षभर माणसे बाकावर बसलेली असतात. मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांत, आलेल्या प्रत्येक रुग्णाला ताप, खोकला, भूक यांच्या चौकशीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : घरच्या कूलरची तिसरी पिन जोडलेली आहे का? उत्तर माहीत नाही असे आले तर चिठ्ठीवर औषधांच्या खाली तेही लिहून द्यावे. गावातल्या एखाद्या चांगल्या वायरमनला, एखाद्या सुताराला शाळेत बोलवावे आणि त्यांना गुरुजी म्हणून खुर्ची द्यावी. आपण त्यांच्या शेजारी बसून प्रथमोपचार शिकवावेत. दोघांच्या विद्येत फारसे अंतर नाही. दोन्ही हातांनीच करायच्या.

आमचा वर्ग दरवर्षी फाल्गुनात सुरू होतो आणि उन्हे तापण्यापूर्वी संपतो. येणाऱ्या फाल्गुनात ज्यांना मोहगावी येणे शक्य असेल त्यांनी अवश्य यावे. येताना आपल्या घरचा एक तुटलेला प्लग सोबत आणावा.